मशीन चालू करूनच द्यायची

दौलतकाकांशी माझं शेवटचं बोलणं झालं ते एका मशीनबद्दल. मार्चचे पहिले दिवस होते. गाझियाबादच्या रुग्णालयातल्या त्या खोलीत चार खाटा होत्या आणि काकांची खाट खिडकीजवळची होती. डायलिसिसने ते इतके थकले होते की हात उचलायलाही वेळ लागायचा, पण खिडकीबाहेरची काटेसावर फुललेली त्यांनी पाहिली होती. मी स्टूल ओढून बसले तर पहिलं वाक्य तेच, "त्या सावरीची डावीकडची फांदी पाह्य. पहिल्या आंधीत तीच येईन खाली." मग एकदम म्हणाले, "पोरी, मशीन रामकेशले द्यायची." मी म्हटलं, "तुम्हीच द्या ना काका, घरी आल्यावर." माझ्या या खोट्या धीराकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. "चालू करून द्यायची," ते म्हणाले. "बंद मशीन कोणाले देऊ नये. घेणाराही लाजते अन् देणाराही." मी हो म्हटलं. त्यांनी पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि डोळे मिटले. चौथ्या दिवशी मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या माझ्या ऑफिसात एका बैठकीत असताना काकूंचा फोन आला. त्या फक्त "ये" एवढंच म्हणाल्या, आणि मला सगळं कळलं.

दौलतकाका माझे नात्याने कोणी नव्हते. ते मूळचे आमच्या आर्वीचे, माझ्या वडिलांच्या वर्गातले. वडिलांनी सातवीत शाळा सोडली आणि हमाली धरली. काका दहावी करून दिल्लीला आले, एका केंद्रीय खात्याच्या उद्यान विभागात माळी म्हणून लागले आणि पस्तीसेक वर्षांनी पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. स्पर्धा परीक्षेतून दिल्लीत नेमणूक मिळाली तेव्हा वडिलांना आनंदापेक्षा धास्ती जास्त होती. पोरगी एवढ्या लांब राहणार कुठे? त्यांनी वीस वर्षांत न केलेला एक फोन दौलतकाकांना केला. निजामुद्दीन स्टेशनवर काका मला घ्यायला आले तेव्हा हातात माझ्या नावाची पाटी वगैरे काही नव्हती. त्यांनी लांबूनच हाक मारली, "ए हमालाची पोरगी!" मी चमकून पाहिलं. मला राग आला होता आणि तो त्यांना दिसला. माझी पेटी स्वतःच्या खांद्यावर घेत ते म्हणाले, "चिडू नको. तुह्या बापानं माह्या परीक्षेची फी आपल्या पाठीवर उचलली होती. त्याच्या कामाचं नाव घ्याले मले तं अभिमान वाटते. तुले वाटत नाही?" त्या दिवसापासून ऑफिसात कोणी वडील काय करत होते विचारलं की मी सरळ सांगते.

लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या जुन्या सरकारी क्वार्टरमध्ये मी आठ महिने राहिले. दोन खोल्या, मागे एक बंदिस्त व्हरांडा, तो माझा. शेजारी तमिळ कुटुंब, वरच्या मजल्यावर गढवाली. बाहेर सगळं हिंदीत, आणि दार लावलं की आतमध्ये वऱ्हाड सुरू. काकूंनी मला दिल्लीची थंडी शिकवली, म्हणजे कोणत्या महिन्यात रजई उन्हात टाकायची, कानाला काय बांधायचं. काकांनी शिकवलं ते वेगळं. ऑफिसातून मी तोंड पाडून आले की ते कारण विचारत नसत, हातात काम देत. कात्रीला धार लावणं, नळाचा वायसर बदलणं, सायकलचं पंक्चर काढणं. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, मी एमए आहे." "मंग सोपंच हाय तुले," ते म्हणाले, "वाचता येते म्हणजे नटावरचा नंबर वाच अन् पाना आण." माणसाने रडावं, पण हात रिकामे ठेवून रडू नये, असं काहीसं त्यांचं मत असावं. तसं त्यांनी बोलून कधी दाखवलं नाही.

निवृत्तीच्या समारंभात खात्याने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते बगलेत मारून काका तिथून थेट यंत्रांच्या बाजारात गेले आणि स्वतःसाठी चेनसॉ घेऊन घरी आले. काकूंना वाटलं, उतारवयात माणूस बिघडला. पण काकांचं म्हणणं सरळ होतं. आयुष्यभर त्यांनी सरकारी मशीनने सरकारी झाडं कापली होती, आता स्वतःच्या मशीनने पडलेली झाडं उचलायची होती. सरकारी क्वार्टर सोडल्यावर काका-काकू गाझियाबादला आले होते आणि मीही तिथेच जवळ घर घेतलं होतं. उभं झाड ते कापत नसत. आंधीत, उन्हाळ्यातल्या धुळीच्या वादळात पडलेलं, रस्त्यावर, गाडीवर, कोणाच्या फाटकावर आडवं झालेलं झाड असलं की आमच्या गाझियाबादच्या सोसायट्यांमधून त्यांना फोन जायचा. गेल्यावर ते लगेच मशीन सुरू करायचे नाहीत. पडलेल्या झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारायचे, कोणती फांदी कुठे दाबली गेली आहे, कोणती सुटली तर उसळेल, ते बघायचे. लोक घाईला येत. "अंकलजी, चलो ना, ऑफिस जाना है." काका फेरी पूर्ण करायचे.

रामकेश त्यांना अशाच एका झाडापाशी भेटला. तो महोब्याकडचा, आमच्या सोसायटीत माळी, वय आता पंचेचाळीसच्या पुढे. दोरी धरायला म्हणून आला आणि सहा वर्षं काकांचा शिष्य होऊन राहिला. काकांना तो गुरुजी म्हणायचा आणि काका त्याला "रामकेशबाबू" म्हणायचे, ज्याने तो कायम संकोचायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची कंबर गेली. ओंडके उचलणं आता त्याला जमत नाही, पण कापणं जमतं, आणि कापण्यात त्याचा हात काकांइतका शांत आहे. आंधीच्या मोसमात ठेकेदार टोळ्या लावतात. ज्याच्याकडे स्वतःची मशीन, तो कापणारा. ज्याच्याकडे नाही, त्याने ओझी वाहायची. रामकेशसाठी ती मशीन म्हणजे यंदाचं काम होतं, आणि मे महिना तोंडावर होता.

आता माझ्या चुकीबद्दल. ती मी कोणालाच सांगितली नव्हती. गेल्या सप्टेंबरात माझ्या इमारतीच्या फाटकावर सफेद्याची, म्हणजे निलगिरीची, मोठी फांदी पडली. काका तेव्हा आजारी पडले होते, त्यांनी मशीन रामकेशकडे देऊन पाठवली. काम झालं, रामकेश दुसऱ्या ड्युटीवर पळाला आणि मशीन परत करायची जबाबदारी माझ्यावर आली. मी ती ब्रशने झाडली, कापडाने पुसली. मग माझ्या मनात आलं, रिकामी कशी द्यायची? आमच्या घरी शेजारच्या मावशीकडून डबा आला तर आई तो रिकामा कधीच परत करायची नाही. काही नसेल तर मूठभर साखर, दोन लिंबं, पण डब्यात काहीतरी असायचंच. मी पंपावरून पेट्रोल आणलं, त्यात ऑइल मिसळलं, काकांनी सांगितलेल्या मापाने, आणि टाकी गळ्यापर्यंत भरून मशीन त्यांच्या बाल्कनीत ठेवून आले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. काका काम संपलं की टाकी रिकामी करतात आणि उरलेला थेंब संपेपर्यंत मशीन चालवून मगच ठेवतात, हे मी कितीदा पाहिलं होतं. मला ती त्यांची काटकसर वाटायची...

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा नीलेश, मी आणि रामकेश बाल्कनीत मशीन काढायला गेलो. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर तेलकट डाग पसरला होता. रामकेशने दोरी ओढली. पुन्हा ओढली. आठ-दहा वेळा. मशीन हूं की चूं करेना. त्याने झाकण उघडून बघितलं आणि आत हात लावला तर पेट्रोलची नळी बोटाला चिकटून तुटून आली, उकडलेल्या शेवयांसारखी. सहा महिने भरल्या टाकीत ती कुजली होती. रामकेशने तो तुकडा वर्तमानपत्रावर ठेवला. नीलेश समजूतदार मुलगा आहे. तो म्हणाला, "ताई, जुनी झाली आता ती. मी रामकेशजींना नवी घेऊन देतो, बिल्कुल टेन्शन नको." यावर रामकेशने हात जोडले. "भैया, नई दोगे तो दान हो गया. गुरुजी वाली तो मेरी कमाई है." तेवढं बोलून तो बागेला पाणी घालायला निघून गेला.

मी मशीन उचलून माझ्या घरी नेली. दुकानात दाखवली तर मिस्त्री म्हणाला, "छोड़ जाइए मैडम, सीज़न है, महीना लगेगा. वैसे आजकल का पेट्रोल रबर खा जाता है, भर के रखी थी क्या?" मी मान खाली घालून नवी नळी आणि नवा फिल्टर तेवढा घेतला. महिना माझ्याकडे नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला ती दुसऱ्याच्या हातून दुरुस्त करून घ्यायचीच नव्हती. मी बिघडवली होती.

पहिल्या रविवारी मी दुपारपर्यंत बसले. टाकी रिकामी केली, वरचं झाकण आणि हवेचा फिल्टर काढला, कार्बोरेटरचे दोन नट सोडवले आणि प्रत्येक वस्तू कशी होती त्याचे मोबाइलवर फोटो काढत गेले. जुन्या नळीचे तुकडे चिमट्याने वेचले. नवी नळी टाकीच्या भोकात जाईना. भोक नळीपेक्षा किंचित लहान असतं, तिथून गळू नये म्हणून. शेवटी टोक तिरपं कापलं तेव्हा ती शिरली. मी फिल्टर लावला, सगळं परत बसवलं, ताजं पेट्रोल घातलं, आणि पाचव्या ओढीला मशीन सुरू झाली! शेजारच्या बाल्कनीतल्या आंटी कपडे वाळत घालता घालता ओरडल्या, "यह क्या काट रही हो?" मी आनंदाने त्यांना हात केला. मग कापताना धरतात तशी मशीन आडवी केली आणि ती बंद पडली. सरळ धरली की चालते, वाकडी केली की मरते. तासाभराने उमगलं. नळी मी आखूड कापली होती. आतला फिल्टर टाकीच्या तळाला पोचतच नव्हता, अधांतरी लोंबत होता, त्यामुळे मशीन कलली की पेट्रोल एकीकडे आणि तो दुसरीकडे. अशी मशीन देता आली असती. रामकेशने दारात सुरू करून बघितली असती, ती चालली असती, त्याने पाया पडून नेली असती... आणि पहिल्याच झाडावर ठेकेदारासमोर ती मेली असती. मी सगळं पुन्हा उघडलं.

पुढच्या रविवारी सकाळी मशीन घेऊन मी काकूंकडेच गेले. नवी लांब नळी आणली होती. मला वाटलं, हे काम त्या घरात व्हायला हवं, आणि काकूंसमोर खरं बोलायला हवं. त्यांनी बाल्कनीत चटई टाकून दिली आणि दारात पाटावर बसल्या. "सारं घर पेट्रोल पंप करून ठेवलं तुम्ही गुरू-चेल्यांनं," त्या म्हणाल्या, "तो गेला तरी वास काही जात नाही." मी नट सोडवता सोडवता, त्यांच्याकडे न बघता सांगून टाकलं. टाकी मी भरली होती. रिकामी द्यायला बरं वाटेना म्हणून. मशीन माझ्यामुळे गेली, काकू.

मी वर पाहिलं तर काकू हसत होत्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अवं, त्याले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या दिवसांत उठून आला होता इथं. मशीन उचलली, हलवून पाह्यली. म्हणे, पोरीनं भरून पाठवली वो. मी म्हटलं, मंग काढा ना, तुम्हीच तं म्हणता भरून ठेवू नये. तं म्हणे, राहू दे. पंधरा दिवसांत बरा होतो, मंग कापालेच जायचं हाय. काढतो कायले, अन् भरतो कायले." त्यांनी पदराने डोळे पुसले. "रोज म्हणे, उद्या जातो. मीही काढली नाही मंग. काढली असती तं त्याले वाटलं असतं, हिनं आशा सोडली."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. सगळे नियम दुसऱ्यांना तोंडपाठ करून घेणारा हा माणूस, आणि त्याने स्वतःचा सगळ्यात साधा नियम सहा महिने मोडू दिला, कारण त्याला परत कामावर जायचं होतं. माझं ओझं त्या क्षणी हलकं झालं असं मी म्हणणार नाही. चूक माझी होतीच. पण आता त्या कुजलेल्या नळीत मला माझ्या चुकीशिवाय आणखीही काही दिसत होतं.

"बसून काय राहिली?" काकू म्हणाल्या. "कर."

नळीचं टोक तिरपं कापून, त्यावर ऑइलचा थेंब लावून मी ते भोकातून आत ढकललं. आता ते टाकीच्या तोंडातून बाहेर ओढायचं होतं, आणि माझा चिमटा तिथपर्यंत पोचेना. काकू उठल्या, आत गेल्या आणि क्रोशाची सुई घेऊन आल्या. "सर तिकडं," म्हणत त्यांनी एक डोळा मिटून सुई आत घातली, दोनदा फिरवली आणि नळीचं टोक अलगद बाहेर काढलं. चाळीस वर्षं ज्यांनी त्या सगळ्या यंत्रांना शिव्या घातल्या, त्यांनी ते इतक्या सहज केलं की मी बघत राहिले. टोकाला फिल्टर लावला, परत आत सोडला, मशीन चारही बाजूंना कलती करून बघितली. फिल्टर प्रत्येक कोपऱ्यात पोचत होता. दुसरं टोक कार्बोरेटरवर चढवलं, नट आवळले, ताजं पेट्रोल घातलं, अगदी थोडं. रबरी बटण दाबलं तसा नव्या नळीतून पेट्रोलचा सोनेरी धागा सरकत गेला. सांध्यावर बोट फिरवलं. कोरडं होतं. तिसऱ्या ओढीला मशीन सुरू झाली. मी ती आडवी केली, चालली. उलट्या बाजूला कलवली, चालली.

रामकेशला फोन करून बोलावलं. तो आला तेव्हा त्यालाही मी सगळं सांगितलं, टाकी कोणी भरली तेही, पहिली नळी आखूड पडली तेही. त्याने ऐकून घेतलं. मग झाकण उघडून माझं काम तपासलं, नळीला हलकासा झटका देऊन बघितला, एक नट पुन्हा आवळला. "दीदी, शुरू में मुझसे तो तीन बार ख़राब हुआ था," तो म्हणाला. "गुरुजी ने दो दिन बात नहीं की." काकू आतून म्हणाल्या, "दोन नाही, चार. घरातही बोलत नव्हता." रामकेशने मशीन दोन्ही हातांत घेतली, काकांच्या फोटोपुढे क्षणभर उभा राहिला, आणि सायकलच्या कॅरियरवर जुनी चादर घालून तिला घट्ट बांधून घेऊन गेला. बाल्कनीत तिच्या जागी फरशीवर एक काळसर चौकोन राहिला आहे. नीलेश फोनवर म्हणतो, ॲसिड टाकून साफ करून घ्या. काकू ऐकल्यासारखं करतात.

मेच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी पहिली आंधी आली. आकाश पिवळं झालं, धुळीने समोरची इमारत दिसेना, वीज गेली, आणि मी त्या रात्री काकूंकडेच राहिले. सकाळी उठून पाहिलं तर नाल्यापलीकडच्या रस्त्यावर चार-पाच झाडं आडवी होती आणि ठेकेदाराच्या टोळ्या लागल्या होत्या. तीन-चार मशीनचा आवाज एकमेकांत मिसळून येत होता. मी चहा टाकायला उठले तर काकू आधीच खिडकीशी उभ्या होत्या, कान तिकडे लावून. मला त्यांनी हातानेच गप्प केलं. एक मशीन थांबली, दुसरी थांबली. मग एक नवीन सुरू झाली, आधी जरा अडखळत, घसा खाकरल्यासारखी, आणि मग एकदम खणखणीत.

"ते आपली," काकू म्हणाल्या.

मी विचारलं, एवढ्या लांबून कसं ओळखलं. त्यांनी नुसता खिडकीचा गज धरला. मशीनचा आवाज बदलला, लाकडात शिरली की होतो तसा खोल झाला, आणि तुटक न होता तसाच चालत राहिला, पूर्ण ओंडका कापून होईपर्यंत. काकूंनी तोवर खिडकीचा गज सोडला नाही.